विंडोज १० वरून ११: प्रोसेसर यादीत आहे, तरी तपासणीत मशीन नापास. कामांचा क्रम काय ठेवावा?

जुना_डबा

मशीनची माहिती आधी देतो. इंटेल आय५-८४००, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ ची एकच पट्टी, ७२०० आरपीएमची १ टीबी हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड जीफोर्स २१०, आधीच्या मशीनमधून काढून लावलेले. विंडोज १० होम, ६४ बिट, २२एच२, सगळे अपडेट झालेले.

पीसी हेल्थ चेकमध्ये (मशीन ११ साठी पात्र आहे का ते तपासणारे मायक्रोसॉफ्टचे साधन) प्रोसेसर, रॅम आणि डिस्कपुढे हिरवी खूण येते. सिक्युअर बूट (चालू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (की सुरक्षित साठवणारा घटक) पुढे लाल. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड 'लेगसी' (बूट करण्याची जुनी पद्धत; नवी ती यूईएफआय) दिसतो. डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) आहे. जीपीटी (नवी मांडणी) करण्यासाठी एमबीआर२जीपीटी हे विंडोजमधले साधन आधी फक्त व्हॅलिडेट पर्यायाने चालवून पाहिले, तर 'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड' एवढेच सांगून थांबले. डिस्कवर ५०० एमबीचे सिस्टम रिझर्व्ह्ड, १५० जीबीचा सी (११० भरलेला) आणि पुढे डी व ई आहेत.

मशीन चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बराच वेळ १०० टक्के दिसते. ५०० जीबीची एसएसडी घ्यायची ठरवली आहे. प्रश्न असे:

व्हॅलिडेशन का फसते आणि डी-ई वरचा डेटा न उडवता ते कसे करता येईल? एसएसडी आधी लावावी की अपग्रेड आधी करावे? आणि रूफस या सॉफ्टवेअरने तपासणी वगळणारी पेनड्राइव्ह बनवून सरळ ११ टाकले तर काय बिघडते?

बूटसेक्टर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तपासणी वगळायची तुम्हाला गरजच नाही. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर अधिकृत यादीत आहे आणि आय५-८४०० मध्ये फर्मवेअर टीपीएम आहे. इंटेल त्याला पीटीटी म्हणते. तो बायोसमध्ये बंद असणार. शिवाय टीपीएम २.० लेगसी मोडमध्ये नीट चालतही नाही, त्यामुळे मशीन यूईएफआयवर आणल्याशिवाय ती लाल खूण जाणार नाही. तपासणी वगळून टाकलेल्या ११ ला दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप मिळेल याची हमी नसते. पात्र मशीनवर हा त्रास ओढवून घेऊ नका.

आता व्हॅलिडेशन. एमबीआर२जीपीटीला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन अजिबात चालत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा. डी आणि ई भोवती हिरवी चौकट दिसत असेल, तर ती दोन्ही एक्स्टेंडेडच्या पोटातली लॉजिकल ड्राइव्ह आहेत. तुमच्या मांडणीत तसेच असणार, आणि फसण्याचे कारण तेच.

एसएसडी घेणारच आहात, त्यामुळे हा गुंता आपोआप सुटतो. एसएसडीवर फक्त सिस्टम रिझर्व्ह्ड आणि सी हे दोनच क्लोन करा (जशीच्या तशी नक्कल उतरवा). डी व ई जुन्या डिस्कवर जिथे आहेत तिथेच राहू द्या. एसएसडीवर दोनच प्रायमरी पार्टिशन असल्याने तिचे रूपांतर बिनबोभाट होते, आणि यूईएफआय मोडमध्ये डेटाची दुसरी डिस्क एमबीआर असली तरी काही अडत नाही. म्हणजे डी-ई ला हात लावायची वेळच येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी क्लोन, मग एसएसडीवरून विंडोज १० चालू होते याची खात्री, मग जीपीटी, मग बायोसमधले बदल, आणि सर्वांत शेवटी ११. प्रत्येक टप्प्यानंतर मशीन एकदा पूर्ण चालू करून पाहा. दोन बदल एकत्र केले आणि काळा पडदा आला, तर कुठे फसले ते शोधण्यात सगळा वेळ जातो.

क्लोन करण्यापूर्वी जुन्या डिस्कची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) या दोन ओळींचे रॉ आकडे बघा. पेंडिंग शून्याच्या वर असेल, तर क्लोनिंग अर्ध्यात लटकण्याची दाट शक्यता. अशा वेळी डी-ई चा डेटा आधी दुसरीकडे उतरवून घ्या. (तो तसाही घ्याच. पार्टिशनला हात लावायचा तर बॅकअप हवाच.)

क्लोनिंगसाठी एसएसडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आपल्या ड्राइव्हसोबत चालणारे सॉफ्टवेअर फुकट देतात. ते घेताना सुटी पार्टिशन निवडता येतात ना, हे बघा. काहींमध्ये सगळी डिस्कच उचलण्याचा एकमेव पर्याय असतो आणि तुम्हाला तो नको आहे. क्लोनझिलाही चालते, पण मूळ जागेपेक्षा लहान जागेवर ते सहजासहजी उतरत नाही. इथे १५० जीबीचा सी ५०० जीबीच्या ड्राइव्हवर जातो आहे, तेव्हा ती अडचण नाही. उरलेली जागा नंतर डिस्क मॅनेजमेंटमधून सी मध्ये वाढवून घ्या.

क्लोन झाल्यावर मशीन बंद करा, जुन्या डिस्कची डेटा केबल काढा आणि मगच एसएसडीवरून चालू करा. ही पायरी गाळू नका. क्लोन केलेल्या दोन्ही एमबीआर डिस्कची सही (विंडोज डिस्क ओळखते तो क्रमांक) एकच असते. दोन्ही जोडलेल्या असल्या, तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकते, आणि कधी कधी एसएसडीवरून सुरू झाल्यासारखे वाटते पण 'सी' म्हणून जुनीच डिस्क चालू असते. या वेळी डी-ई दिसणार नाहीत. डॉक्युमेंट्स फोल्डर डी वर हलवले असेल, तर 'लोकेशन उपलब्ध नाही' अशी तक्रारही येईल. तेवढ्यापुरते चालवून घ्या. ज्या सॉफ्टवेअरचा डेटा डी वर आहे ते मात्र या अवस्थेत उघडू नका. काही सॉफ्टवेअर जुना डेटा सापडला नाही की गुपचूप नवी रिकामी फाइल तयार करतात.

स्वच्छ_पाटी

बूटसेक्टर यांचा क्रम बरोबर आहे, पण दुसरा रस्ताही नोंदवून ठेवतो. एसएसडी कोरीच आहे, तर तिच्यावर थेट ११ नव्याने का टाकू नये? मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीची पेनड्राइव्ह बनवायची, जुनी डिस्क काढून ठेवायची, बायोस यूईएफआयवर घ्यायचे आणि इन्स्टॉल करायचे. इन्स्टॉलर एसएसडीची मांडणी स्वतःच जीपीटी करतो. क्लोन नाही, रूपांतर नाही. वर्षानुवर्षांचे उरलेसुरले ड्रायव्हर आणि काढून टाकलेल्या प्रोग्रामांच्या सर्व्हिसेसही जातात. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेले डिजिटल असेल, तर 'प्रॉडक्ट की नाही' निवडून होम आवृत्ती टाका; इंटरनेट मिळाले की ते आपोआप सक्रिय होते.

एक सावधगिरी मात्र यात जास्त घ्यावी लागते. २४एच२ पासून नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले, की डिव्हाइस एन्क्रिप्शन स्वतःहून चालू होते. रिकव्हरी की त्या खात्यात साठवली जाते. पहिल्याच दिवशी खाते उघडून ती ४८ अंकी की दिसते का ते तपासा आणि कागदावर उतरवून ठेवा. पुढे कधी बायोस अपडेट केले किंवा टीपीएम रीसेट झाला, तर चालू होताना मशीन तीच की मागते. ती नसेल तर डेटा मिळवायचा दुसरा मार्ग नाही. १० वरून अपग्रेड केल्यास एन्क्रिप्शन असे आपोआप लागत नाही.

जुना_डबा

दोघांचेही आभार. हिरवी चौकट तपासली; डी आणि ई दोन्ही लॉजिकलच आहेत. डिस्कचे पेंडिंग सेक्टर शून्य आहेत.

नव्याने टाकणे टाळायचे आहे, कारण हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे ॲक्टिव्हेशन या इन्स्टॉलेशनला बांधलेले आहे. म्हणजे क्लोनच. आता जीपीटी आणि बायोसची पायरी जरा सविस्तर हवी आहे, कारण मशीन चालूच झाले नाही तर काय करायचे ते माहीत नाही. बोर्डावर एम.२ स्लॉट आहे, तर सॅटाऐवजी एनव्हीएमई (त्या स्लॉटमध्ये बसणारी जास्त वेगवान एसएसडी) घेऊ का?

बूटसेक्टर

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे कारण पटण्यासारखे आहे. फक्त एक करा: ते ॲक्टिव्हेशन डिस्कच्या क्रमांकावर बेतलेले असेल, तर क्लोननंतरही तुटेल. सॉफ्टवेअरमध्ये लायसन्स परत करण्याची किंवा हलवण्याची सोय असेल, तर क्लोनच्या आधी वापरा.

एनव्हीएमई नको, निदान या रस्त्याने नको. एनव्हीएमई ड्राइव्हवरून लेगसी मोडमध्ये बहुतेक बोर्ड चालू होतच नाहीत, म्हणजे 'आधी एसएसडीवर विंडोज १० चालवून बघा' ही खात्रीची पायरीच हातून जाते. शिवाय एच३१० चिपसेटच्या लेन (डेटाच्या वाटा) पीसीआयई २.० च्या आहेत, त्यामुळे वेगवान एनव्हीएमईचे पैसे पूर्ण वसूल होत नाहीत, आणि काही बोर्डांवर एम.२ भरला की एक सॅटा पोर्ट बंद पडतो. २.५ इंची सॅटा एसएसडी घ्या. साधारण ५५० एमबी प्रतिसेकंद मिळतील, आणि तुमच्या कामात फरक जाणवतो तो या आकड्यामुळे नव्हेच. ७२०० आरपीएमच्या डिस्कला प्रत्येक सुट्या वाचनासाठी चकती फिरून येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद आणि हेड सरकायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणजे सेकंदाला शंभराच्या आत वाचने. साधी सॅटा एसएसडी हजारोंनी करते. मशीन चालू होताना दिसणारे १०० टक्के म्हणजे ही शंभरची मर्यादा.

बायोसला हात लावण्यापूर्वी ते जीफोर्स २१० काढा. हे कार्ड यूईएफआयच्या आधीच्या काळातले आहे. सीएसएम (बायोसमधली लेगसी पद्धत चालू ठेवणारी सोय) बंद केले की त्याच्यावरून पडद्यावर काहीच येत नाही, आणि लोकांना वाटते की बोर्ड गेला. ते डायरेक्टएक्स १२ चेही नाही, त्यामुळे ११ साठी तसेही निरुपयोगी. तुमच्या प्रोसेसरमधला यूएचडी ६३० त्याच्यापेक्षा बराच वेगवान आहे. विंडोजमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, मशीन बंद करून कार्ड काढा, मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लावा आणि इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका.

नंतर बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या अचूक मॉडेलचे आणि रिव्हिजनचे नवे बायोस असेल, तर ते याच टप्प्यावर टाका. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, तिथेच बरेच जण अडकतात: सीएसएम बंद झाले की एमबीआर डिस्क सापडत नाही, आणि सॅटा मोड एएचसीआय वरून दुसऱ्यावर गेला की 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येते. दोन्हींवर इलाज एकच. फोटो बघून जुनी सेटिंग परत लावा. अपडेट चालू असताना वीज जाणार नाही याची सोय हवी.

आता रूपांतर. एसएसडी एकटीच जोडलेली असताना डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिचा क्रमांक बघा, बहुधा ० असेल. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एमबीआर२जीपीटी आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट पर्यायाने चालवा. दोन्ही वेळा डिस्कचा क्रमांक आणि 'अलाउ फुल ओएस' हा पर्याय जोडायचा. चालू विंडोजमधून करताना तो नसेल तर आज्ञा नाकारली जाते. काम एक-दोन मिनिटांचे असते. शेवटी 'रीएजंट फाइल अपडेट करता आली नाही' असा संदेश आला तर घाबरू नका. तो रिकव्हरीपुरता आहे. नंतर रीएजंटसी (रिकव्हरी चालू-बंद करणारी आज्ञा) वापरून ती एकदा डिसेबल आणि एकदा एनेबल केले की जागेवर येते.

रूपांतरानंतर लेगसीमध्ये ही डिस्क चालू होणार नाही. म्हणून रीस्टार्ट करताच बायोसमध्ये शिरा, सीएसएम बंद करा, पीटीटी चालू करा आणि बूट क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा. सिक्युअर बूट अजून नको. विंडोज नीट उघडले आणि सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड 'यूईएफआय' दिसला, की दुसऱ्या फेरीत सिक्युअर बूट चालू करा. काही बोर्डांत त्याआधी फॅक्टरी की भराव्या लागतात, काहींत ओएस टाइप 'विंडोज यूईएफआय' निवडावा लागतो; नाहीतर सेटिंग 'एनेबल्ड' असूनही विंडोजमध्ये ते 'ऑफ' दिसते.

पडदा काळाच राहिला, तर वीजेची केबल काढा, बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना दहाएक सेकंद जोडा किंवा सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढून ठेवा. बायोस मूळपदावर येते. आणि अगदीच फसले तर जुनी डिस्क जशीच्या तशी आहे: सीएसएम चालू केले, केबल जोडली, की आधीचे विंडोज १० समोर.

रॅमस्लॉट

अपग्रेडनंतरच्या वेगाबद्दल थोडे.

एसएसडीनंतर दुसरा खर्च रॅमवर करा. ८ जीबीची आणखी एक पट्टी लावली की १६ जीबी तर होतेच, पण ड्युअल चॅनलही (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणे) सुरू होते. कार्ड काढल्यावर ग्राफिक्सचे काम मुख्य रॅममधूनच होणार असल्याने तुमच्याकडे याचा फायदा जास्त. हा प्रोसेसर २६६६ पर्यंतच चालवतो, ३२०० ची पट्टी लावली तरी ती २६६६ वर चालेल. बिघडत काही नाही, जास्त पैसे देऊ नका एवढेच. दोन्हींचे व्होल्टेज १.२ असू द्या.

'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडून सी समोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिले आहे का ते बघा. क्लोननंतर क्वचित तिथे 'हार्ड डिस्क' राहते आणि ट्रिमऐवजी (एसएसडीला मोकळ्या झालेल्या जागा कळवणे) डिफ्रॅग (हार्ड डिस्कसाठीची फाइलींची फेरमांडणी) होत राहते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप ॲप्समध्ये ज्यांचा 'इम्पॅक्ट' हाय आहे त्यांतली रोज न लागणारी बंद करा. चॅट, गेम लाँचर, प्रिंटरचे मदतनीस प्रोग्राम यांतच बहुतेक वेळ जातो.

काय बंद करू नये हेही सांगतो, कारण व्हिडिओंमध्ये नेमके तेच सुचवलेले असते. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) शून्य करू नका. रॅम भरली की प्रोग्राम सेव्ह न करता कोसळतात. डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) आणि मेमरी इंटिग्रिटी (घातक ड्रायव्हर रोखणारी सोय) चालू ठेवा. आठव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये मेमरी इंटिग्रिटीला लागणारी हार्डवेअर सोय आहे, त्यामुळे बोजा कमी पडतो. मेमरी इंटिग्रिटी चालूच होत नसेल, तर तिथेच कोणता जुना ड्रायव्हर आड येतो त्याचे नाव दिसते, तो काढा. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने वेग वाढत नाही, उलट अनइन्स्टॉलच्या नोंदी उडतात आणि पुढचे अपडेट अडते.

पॅच_मंगळवार

अपग्रेडची शेवटची पायरी आणि ती अडली तर काय, एवढेच माझ्याकडून.

११ ची आयएसओ फाइल (पूर्ण इन्स्टॉलेशन असलेली एकच फाइल) उतरवा, डबल क्लिक करून माउंट करा, सेटअप चालवा आणि 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' निवडा. हा पर्याय फिका दिसला, तर आयएसओची भाषा किंवा आवृत्ती तुमच्या विंडोजशी जुळत नाही. सी वर ३०-४० जीबी मोकळे असू द्या. कीबोर्ड-माउस सोडून बाकी यूएसबी काढा. दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस असेल तर पूर्ण अनइन्स्टॉल करा, नुसता बंद करून भागत नाही.

फसलेच तर शेवटचा एरर कोड लिहून घ्या. सी१९००१०१ ने सुरू होणारे जवळजवळ सगळे ड्रायव्हरचे असतात. त्याला जोडून दुसरा आकडा येतो, उदाहरणार्थ २००१७ किंवा ३००१८. त्यातला पहिला अंक कोणत्या टप्प्यावर अडले ते सांगतो: २ म्हणजे नवे विंडोज डिस्कवर मांडले जात असताना, ३ म्हणजे त्याच्या पहिल्या बूटला, ४ म्हणजे त्यानंतरच्या, जवळजवळ शेवटच्या टप्प्यात. ८००७००७० म्हणजे जागा कमी. सी१९००२०८ म्हणजे एखादे न जुळणारे सॉफ्टवेअर. 'सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आले नाही' असे आले, तर बूट फाइलींचे लहान ईएफआय पार्टिशन भरले आहे. सी मध्ये जागा करून त्याचा उपयोग होत नाही.

अपग्रेडनंतर १० दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० वर परत जाता येते. त्या मुदतीत डिस्क क्लीनअपमधून 'प्रीव्हियस विंडोज' उडवू नका, ती सोय तिथेच संपते. हिशेबाचे सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि स्कॅनर पहिल्या दोन दिवसांतच चालवून बघा. जुन्या डिस्कवरचा सी तर महिनाभर तसाच ठेवा. डिस्क परत जोडल्यावर त्याला नवे अक्षर मिळेल. डी-ई ची अक्षरे बदलली असतील, तर डिस्क मॅनेजमेंटमधून पूर्वीचीच द्या, म्हणजे प्रोग्राम गोंधळत नाहीत.

वेळ हवा असेल तर घाई करू नका, पण मधल्या काळात मशीन उघडे ठेवू नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ धरून चला. तुमचे २२एच२ आहे, त्यामुळे विंडोज अपडेटच्या पानावरूनच नोंदणी करता येते.

आणि बूटसेक्टर यांनी सांगितलेल्या बायोस अपडेटला आणखी एक कारण आहे. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात. २०२३ ची नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून येतात, पण काही जुन्या बोर्डांत ती स्वीकारली जाण्यासाठी आधी नवे फर्मवेअर लागते. जुनी प्रमाणपत्रे राहिली म्हणून मशीन त्या दिवशी बंद पडणार नाही, मात्र बूट मॅनेजरच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या त्याला मिळणार नाहीत. त्यामुळे सिक्युअर बूट चालू केल्यावर 'अपडेट्स पॉज' लावून ठेवू नका. दर महिन्याचा दुसरा मंगळवार हा मुख्य सुरक्षा अपडेटचा; तो घ्या. महिन्याच्या उत्तरार्धात येणारे 'प्रिव्ह्यू' ऐच्छिक असते, कामाच्या मशीनवर ते सोडले तरी चालते.